खरूज आणि उवांवरचं औषध: किती लावायचं, किती वेळ ठेवायचं

खरजेवर किंवा उवांवर आपण जे औषध लावतो, ते कीटकनाशक असतं. तासगाव तालुक्यातल्या माझ्या मेडिकलमध्ये हे सांगितलं की समोरचा माणूस दचकतो. द्राक्षबाग असणाऱ्याला कीटकनाशक म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण बागेत औषध मापून टाकणारा तोच माणूस घरी पोरांच्या अंगाला खरजेचं औषध लावताना माप विसरतो. "मागचं लागू पडलं नाही, जरा कडक द्या," अशी मागणी थंडी सुरू झाली की रोज कुणीतरी करतं. बहुतेक वेळा मागच्या औषधात काही खोट नसते. ते अर्ध्याच अंगाला लावलेलं असतं, किंवा घरातल्या एकट्यालाच लावलेलं असतं, किंवा पुरतं आठ तास अंगावर राहिलेलंच नसतं. कडक औषध मागण्याआधी हे औषध काम कसं करतं आणि धोका कुठून येतो, एवढं समजून घेतलं तर बरीच वणवण वाचेल.

आधी किडा कोणता ते पाहू. खरूज ज्याच्यामुळे होते तो बागेतल्या लाल कोळी या किडीच्याच कुळातला, आठ पायांचा जीव. मादी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. ती कातडीच्या अगदी वरच्या थरात बीळ पाडते आणि त्यात रोज दोन-तीन अंडी घालते. तीन-चार दिवसांत ती फुटतात. एवढी जीवघेणी खाज सुटलेल्या माणसाच्या अंगावर साधारण दहा-पंधराच किडे असतात. खाज किडा चावल्याची नसते. किडा, त्याची अंडी आणि त्याची विष्ठा यांच्याविरुद्ध आपलं शरीर जे भांडण काढतं, त्याची ती असते. पहिल्यांदाच खरूज झाली असेल तर हे भांडण सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे घरात एकालाच खाजतंय आणि बाकीचे मजेत आहेत, तरी त्या बाकीच्यांच्या अंगावर किडा महिनाभरापासून असू शकतो. खरूज परत परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

उवांचं वेगळं. ऊ सहा पायांची, केसांत राहणारी, रक्त पिणारी. तिला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. डोक्याला डोकं लागलं की ती इकडून तिकडे जाते. लिखा केसाला मुळाजवळ चिकटवलेल्या असतात आणि सात ते दहा दिवसांत फुटतात. ऊ डोक्यावरून खाली पडली की एक-दोन दिवसांत मरते. खरजेचा किडाही अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही.

आता औषध. आज डॉक्टर खरजेला पहिल्यांदा जे लिहून देतात ते परमेथ्रिन, पाच टक्क्यांचं मलम. उवांसाठी तेच औषध एक टक्क्याचं असतं. पांढऱ्या शेवंतीसारख्या दिसणाऱ्या एका फुलात पायरेथ्रिन नावाचे कीटकनाशक पदार्थ असतात. त्यांच्या धर्तीवर इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात मायकेल इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 साली परमेथ्रिन तयार केलं. किड्याच्या मज्जातंतूंत सोडियम आत सोडणारी सूक्ष्म दारं असतात. परमेथ्रिन ती दारं उघडीच ठेवतं, त्यामुळे तंतू सतत चेतवला जातो आणि शेवटी किडा लुळा पडून मरतो. माणसाच्या मज्जातंतूंतही अशी दारं आहेत, पण या औषधाचा त्यांच्यावर परिणाम फार कमी होतो. शिवाय कातडीवर लावलेल्या औषधापैकी दोन टक्क्यांहून कमीच आत शिरतं आणि शरीर ते लगेच मोडून लघवीवाटे बाहेर टाकतं. म्हणून दोन महिन्यांवरच्या बाळालाही ते लावता येतं. गरोदर बाईलाही डॉक्टरांच्या सल्ल्याने देतात. थोडी आग होणं, झिणझिण्या येणं, कातडी लाल होणं एवढा त्रास काही जणांना होतो. घरात मांजर असेल तर मात्र मलम लावलेल्या अंगाला तिला चाटू देऊ नका. मांजराच्या शरीराला हे औषध मोडता येत नाही, त्याला ते विषासारखं बाधतं. माशांनाही ते घातक आहे, म्हणून उरलेलं औषध विहिरीत किंवा ओढ्यात टाकू नये.

ज्या दुसऱ्या औषधाबद्दल मला जास्त बोलायचं आहे ते म्हणजे गॅमा बेंझीन हेक्झाक्लोराइड, दुसरं नाव लिंडेन. पांढरट पातळ लोशनच्या बाटलीत येतं, स्वस्त असतं आणि जुन्या लोकांचा त्याच्यावर विश्वास असतो. आपल्या भागातल्या साठीपुढच्या शेतकऱ्यांना बीएचसी पावडर किंवा गॅमेक्सिन आठवत असेल. पिकावर धुरळलेली, गोठ्यात टाकलेली, धान्याच्या कणगीभोवती पसरलेली ती उग्र वासाची पावडर. तिच्यातला किडे मारणारा मुख्य घटक म्हणजे हेच लिंडेन. मूळ रसायन मायकेल फॅरडेने 1825 साली बनवलं होतं. त्यातला हा घटक 1912 मध्ये वेगळा करणाऱ्या व्हान डर लिंडेन या डच रसायनशास्त्रज्ञावरून त्याला नाव मिळालं. भारतात बीएचसीवर 1997 साली बंदी आली. शेतीतल्या लिंडेनचं उत्पादन आणि आयात 2011 मध्ये बंद झाली, 2013 पासून वापरही बंद झाला. 2009 साली स्टॉकहोम करारात जगभर काढून टाकायच्या रसायनांच्या यादीत लिंडेन गेलं. तेव्हा फक्त उवा आणि खरजेच्या औषधापुरती सूट ठेवली गेली, तीही दुसरा उपाय चालला नाही तरच वापरायचं या अटीवर. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने 2002 मध्ये ते औषध म्हणूनही बंद केलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बाटलीवर सगळ्यात कडक चौकटीतला इशारा छापायला लावला. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लिंडेनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्यातला मुख्य पुरावा शेतात वर्षानुवर्षं ते हाताळणाऱ्यांचा होता, त्यामुळे एकदा लोशन लावलेल्या माणसाने त्या बातमीने घाबरून जाऊ नये.

घाबरायचं ते दुसऱ्या गोष्टीला. लिंडेन कातडीतून परमेथ्रिनच्या कितीतरी पट जास्त आत जातं, सुमारे दहा टक्क्यांपर्यंत. आत गेलं की ते चरबीत आणि मेंदूत साठतं आणि सावकाश बाहेर पडतं. मेंदूतल्या पेशींना आवरून धरणारा एक संदेश असतो, लिंडेन तोच अडवतं. मग चक्कर येते, अंग थरथरतं आणि जास्त झालं तर फिट येते. अमेरिकेत अशा फिट आल्याच्या आणि मृत्यूच्याही नोंदी आहेत, आणि त्यांतल्या अनेकांत औषध सांगितल्यापेक्षा जास्त किंवा पुन्हा पुन्हा लावलेलं होतं.

आता आपल्या घरातली पद्धत बघा. खरूज झाली की आई पोराला कढत पाण्याने आंघोळ घालते. खपल्या निघेपर्यंत घासते. अंग पुसल्या पुसल्या, कातडी ऊन आणि ओली असतानाच औषध चोळते. वरून खोबरेल लावते, कातडी तडकू नये म्हणून. सगळं मायेनं केलेलं असतं. पण गरम पाण्याने कातडीतलं रक्त वाढतं, घासल्याने कातडीचा बाहेरचा थर जातो, तेलाने औषध आत ओढलं जातं. या तिन्ही गोष्टींनी लिंडेनचं आत जाणं वाढतं. त्यात लहान पोराच्या वजनाच्या मानाने त्याची कातडी मोठ्या माणसापेक्षा बरीच जास्त असते, म्हणजे तेवढ्याच पातळ थरातून त्याच्या रक्तात औषध जास्त पोचतं. अमेरिकेतल्या त्या इशाऱ्यात पन्नास किलोच्या आतल्या माणसांनाही सांभाळून द्या असं म्हटलंय. आपल्याकडे पन्नास किलोच्या आतल्या बायका घरोघरी आहेत. फिट येणारा माणूस, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई, म्हातारं माणूस, ज्याच्या अंगावर जखमा किंवा इसब आहे असा कोणीही, यांना हे लोशन लावूच नये असं माझं ठाम मत आहे. परमेथ्रिन सहज मिळत असताना लहान पोरांना तर नाहीच नाही. माझ्याकडे लिंडेन मागायला आलेल्याला मी डॉक्टरची चिठ्ठी विचारतो. त्यामुळे काही गिऱ्हाइकं नाराज होऊन जातात, जाऊ देत.

परमेथ्रिन लावण्याची रीत सांगतो, कारण सगळं यश त्यावरच आहे. रात्री जेवणं उरकल्यावर लावावं. आधी आंघोळ केली असेल तर अंग पुरतं कोरडं आणि गार होऊ द्यावं. नखं कापावीत. मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत, जिथं खाजत नाही तिथंही, पातळ थर द्यावा. मोठ्या माणसाला तीस ग्रॅमची ट्यूब साधारण एका वेळेला लागते. एक ट्यूब चौघांत पुरवली असेल तर ती कुणालाच पुरलेली नसते. बोटांची बेचकी, मनगटाची आतली बाजू, काखा, बेंबीभोवती, करदोड्याची जागा, छातीखालची घडी, जांघा, पुरुषांना लिंगावर, ढुंगणाची घडी, पायांची बोटं आणि नखांखाली. नखांखाली जुन्या टूथब्रशने लावलं तर नीट जातं, तो ब्रश मग टाकून द्यावा. तान्ह्या बाळाला आणि म्हाताऱ्याला डोकं, कपाळ, कानामागेही लावावं लागतं, डोळे आणि तोंड सोडून. आठ ते चौदा तास ठेवून सकाळी धुवावं. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं, हे नव्वद टक्के लोक विसरतात. भाकरी थापायला बसायच्या आधी हात धुतले आणि तसंच राहिलं, की बेचक्यातले किडे वाचले. बाळ बोटं चोखत असेल तर हातांना मलम लावून हातमोजे किंवा मोजे घालावेत. सात ते चौदा दिवसांनी हेच सगळं पुन्हा एकदा करायचं.

त्याच रात्री घरातल्या सगळ्यांनी लावायचं. खाजत असो वा नसो. गेल्या तीन दिवसांतले कपडे, चादरी, टॉवेल कढत पाण्यात धुवून उन्हात टाकावेत. गोधड्या धुवायला जमत नसतील तर पोत्यात घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवल्या तरी चालतं. घरात फवारा मारण्याची काहीच गरज नाही.

यानंतर येते ती सगळ्यात अवघड पायरी, आणि ती म्हणजे थांबणं. किडे मेले तरी त्यांची मढी आणि घाण कातडीत असते, शरीराचं भांडण लगेच मिटत नाही. दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. इथंच माणसाचा धीर सुटतो. "अजून खाजतंय" म्हणून तो पुन्हा लावतो, तिसऱ्यांदा लावतो, रोज लावतो. परमेथ्रिन असेल तर कातडी कोरडी पडून त्यानेच जास्त खाजतं. लिंडेन असेल तर ते अंगात साठत जातं. दुसरा हात झाल्यावर खाजेसाठी डॉक्टर गोळी देतात, साधं मॉइश्चरायझर लावता येतं. नवीन फोड किंवा नवीन बिळं दिसत असतील तरच परत दाखवावं.

हे सगळं बंगल्यात राहणाऱ्याला जमतं. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या फडांवर बीड, धाराशिवकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. एका कोपीत, म्हणजे झोपडीत, सहा-आठ माणसं, एकच वाकळ, पाणी हापशावरून आणायचं. एकदा एक ऊसतोड करणारी ताई पोराला घेऊन आली. पोराच्या बेचक्यात पिकलेले फोड, आणि तिच्या मनगटावर करड्या रंगाची बारीक नागमोडी रेघ, पेन्सिलीने ओढावी तशी. ते किड्याचं बीळ. "दादा, माझं राहू द्या, पोराचं तेवढं द्या," म्हणाली. सगळ्यांना लागेल म्हटल्यावर तिनं हिशेब केला आणि गप्प झाली. अशा वेळी ट्यूब विकण्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवणं बरं, तिथं आख्ख्या कोपीची एकत्र नोंद होऊ शकते. वेळेचंही बघावं लागतं. ही माणसं पहाटे चारला फडात जातात. संध्याकाळी सातला लावलं तर तीनला आठ तास भरतात. जिथं सगळ्यांना मलम लावणं अशक्य, तिथं डॉक्टर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनाप्रमाणे देतात, आठवड्या-दोन आठवड्यांनी दुसरा डोस. पंधरा किलोच्या आतल्या मुलांना आणि गरोदर बाईला ती गोळी देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. दुर्लक्ष म्हणजे काय ते एखाद्या कोपीत पाच मिनिटं बसलं की कळतं.

मेडिकलमधून मिळणाऱ्या अजून एका गोष्टीने खरूज झालेल्यांचं फार नुकसान होतंय. खाज, नायटा, गजकर्ण, सगळ्यावर चालते म्हणून घेतली जाणारी ती तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब. तिच्यात स्टेरॉइड असतं. लावलं की दोन दिवसांत लाली जाते, खाज बसते, माणूस खूश. पण स्टेरॉइड शरीराचं भांडण दाबतं, किड्याला हात लावत नाही. किडे निवांत वाढतात. पुरळ ओळखू येईनासं होतं आणि डॉक्टरचीही फसगत होते. खरजेवर ही ट्यूब स्वतःच्या मनाने लावू नये. आणि आम्ही दुकानदारांनी ती चिठ्ठीशिवाय देऊ नये.

जनावरांच्या गोचिडाचं औषध किंवा बागेतलं कोळीनाशक डोक्याला चोळल्याचं मी प्रत्यक्ष ऐकलंय. "त्यातही तसलंच औषध असतं की," हे कारण. काहींत खरोखर परमेथ्रिनच्या कुळातलं औषध असतं. पण ते पाण्यात मिसळून वापरायचं, तीव्र, आणि त्यातले द्रावक माणसाच्या कातडीसाठी केलेले नसतात. निर्यातीच्या द्राक्षात रेसिड्यू, म्हणजे औषधाचा अंश, किती उतरला यावर अख्खा कंटेनर परत येतो हे आपल्याला ठाऊक आहे. पोराच्या अंगात किती उतरलं ते तपासायला तर कुणी येत नाही. सीताफळाच्या बिया वाटून केसांना लावणं हेही तसंच. उवा मरतात, पण ते डोळ्यात गेलं तर बुबुळाला जखम होते, असे रुग्ण नेत्रतज्ज्ञांनी नोंदवलेत. रॉकेल तर चुलीपासल्या बाईने मनातही आणू नये.

उवांसाठी एक टक्क्याचं परमेथ्रिन. केस शाम्पूने धुवायचे, कंडिशनर नको, तेल नको, टॉवेलने टिपून मग लावायचं, दहा मिनिटांनी धुवायचं. बाथरूममध्ये सगळ्या अंगावर ओघळू न देता बेसिनवर किंवा बादलीवर वाकून धुतलं तर उत्तम. काही लिखा वाचतात, म्हणून सात ते दहा दिवसांनी पुन्हा. इथं घरातल्या सगळ्यांना लावायचं नाही. सगळ्यांचं डोकं तपासायचं आणि ज्याच्या डोक्यात जिवंत ऊ दिसेल त्यालाच लावायचं. एकच औषध वर्षानुवर्षं मारलं की बागेतले थ्रिप्स किडे दाद देत नाहीत, तसं उवांचंही झालंय. जगात बऱ्याच ठिकाणी परमेथ्रिनला न जुमानणाऱ्या उवा सापडल्यात, आणि खरजेतही तशी शंका डॉक्टर बोलून दाखवू लागलेत. उवांना त्यावर चांगला उतारा आहे, डायमेथिकोन नावाचं सिलिकॉनचं तेल. ते विष नाही, उवेभोवती थर धरून तिला मारतं. आणि आजीची बारीक दातांची फणी. ओल्या केसांतून, बटा वेगळ्या करून, मुळापासून टोकापर्यंत, दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे. वेळ जातो, पण दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला तोच खरा उपाय आहे. मुलीचं डोकं भादरायची गरज नसते. शाळेत तिचं काय होतं ते विचारून बघा.

फोडांत पू झाला, ताप आला, खरूज असलेल्या मुलाचं तोंड सकाळी सुजलेलं दिसलं किंवा लघवी लालसर झाली, तर मलमात वेळ घालवू नका. खाजवलेल्या जखमांत जंतू शिरले की पुढे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सांगलीच्या सिव्हिलमध्ये त्वचारोग विभाग आहे, तिथं दाखवावं. अंगावर जाड खपल्यांचे थर चढले असतील आणि खाज फारशी नसेल, तर ती खरजेची वेगळी, भयंकर संसर्गजन्य तऱ्हा असू शकते. तिच्यात किडे हजारोंनी असतात.

आणि बाटली कुठे ठेवता ते आज रात्रीच बघा. अमेरिकेत 1998 ते 2003 या काळात चुकून लिंडेन प्यायल्याच्या 870 घटना नोंदल्या गेल्या, त्यांतल्या कित्येक खोकल्याचं औषध समजून. लोशन कधीही दुसऱ्या बाटलीत काढून ठेवू नका, खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवू नका. पोटात गेलं तर उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका, बाटली हातात घ्या आणि थेट दवाखाना गाठा. डोळ्यात गेलं तर साध्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा.